पिवळ्यावर निळा ओढला आणि राखाडी आला : रंगमिश्रणाचे नियम दोन कसे?

चिंचपान
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. माझी मुलगी यंदा एलिमेंटरीच्या शासकीय रेखाकला परीक्षेला बसणार आहे आणि संकल्पचित्राच्या सरावापायी गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर पोस्टर कलरच्या बाटल्यांचा मुक्काम आहे. शाळेत तिला रंगचक्र शिकवले आहे. तांबडा, पिवळा आणि निळा हे मूळ रंग. त्यांतले दोन-दोन मिसळले की नारिंगी, हिरवा आणि जांभळा हे दुय्यम रंग. मीही हेच शिकले होते, त्यामुळे यात शंका घेण्याजोगे काही असेल असे आजवर मनात आले नव्हते.

गेल्या रविवारी तिने तेच संकल्पचित्र टॅबलेटवर काढायला घेतले. एका वर्तुळात झगझगीत पिवळा भरला, निळ्याची गडदी पन्नास टक्क्यांवर आणली आणि तो पिवळ्यावरून ओढला. आता हिरवा येणार म्हणून आम्ही दोघी पाहत होतो, तर आला राखाडी. हिरवट राखाडीसुद्धा नव्हे. पाटी ओल्या बोळ्याने पुसून वाळवल्यावर दिसते तसा, कोणत्याच बाजूला न झुकणारा राखाडी. तिची बोटे चुकली असतील असे वाटून मी स्वतः करून पाहिले. पुन्हा राखाडी.

त्यातच तिच्या संगणकाच्या पुस्तकात मूळ रंग तांबडा, हिरवा आणि निळा असे दिले आहेत, आणि तांबडा व हिरवा मिळून पिवळा होतो असेही लिहिले आहे. तिने लगेच बाटलीतला तांबडा आणि हिरवा एकत्र करून पाहिला, तर पावसाळ्यात वाड्याच्या दारात साचतो तसला चिखल तयार झाला. "आई, रंग तेच आहेत, मग नियम दोन कसे?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आणखी एक गोष्ट तिला खटकली आहे. तिच्या संचात निळे दोन आहेत, प्रशियन ब्लू आणि अल्ट्रामरीन. एकाच पिवळ्यात हे दोन निळे वेगवेगळे मिसळले, तर एकातून पोपटी-हिरवा येतो आणि दुसऱ्यातून शेवाळ्यासारखा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडूफळा
शनिवार, रात्री ११.०५

चिंचपानताई, प्रश्न विचारणारीला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, पण इतक्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला.

‘तानापिहिनिपाजा’ आपण सर्वांनी पाठ केलेले असते. त्या सात नावांऐवजी सोयीसाठी दृश्य प्रकाशाचे तीनच वाटे करू. तरंगलांबी ४०० ते ५०० नॅनोमीटर हा निळा वाटा, ५०० ते ६०० हा हिरवा आणि ६०० ते ७०० हा तांबडा. सीमा इतक्या काटेकोर नसतात, पण आपल्या हिशेबाला एवढे पुरे. आता बाटलीतल्या रंगाकडे पाहू. त्याच्याजवळ स्वतःचा प्रकाश नाही. खिडकीतून आलेल्या पांढऱ्या प्रकाशातला काही वाटा तो खातो आणि उरलेला परत पाठवतो. ज्याला आपण त्याचा रंग म्हणतो ते म्हणजे त्याने पानात टाकलेले अन्न. पिवळा रंग निळा वाटा खातो आणि हिरवा व तांबडा असे दोन्ही वाटे परत करतो. अनेकांना हे ऐकून नवल वाटते, कारण पिवळा रंग फक्त पिवळा प्रकाश परतवत असावा अशी आपली समजूत असते. तसे असते तर तो काळपट दिसला असता, कारण पिवळ्या प्रकाशाचा पट्टा जेमतेम ५७० ते ५९० नॅनोमीटर एवढाच अरुंद आहे आणि झेंडूची झळाळी एवढ्याशा प्रकाशात मावत नाही.

निळा रंग तांबडा वाटा खातो, निळा परत करतो आणि हिरव्यातलाही थोडा भाग त्याच्या हातून सुटतो. दोन्ही रंग एकत्र कालवले की पिवळ्याने निळा वाटा संपवला, निळ्याने तांबडा संपवला आणि दोघांनीही पूर्ण न खाल्लेला असा थोडासा हिरवा तेवढा पानात राहिला. तो हिरवा निळ्या रंगाच्या अपुऱ्या भुकेची कृपा आहे. निळा अगदी शंभर नंबरी असता आणि निळ्या वाट्याखेरीज काहीच परतवत नसता, तर पिवळा आणि निळा मिळून काळा झाला असता.

टॅबलेटचा पडदा मात्र काही खात नाही, तो प्रकाश देतो. त्याच्यावरचा झगझगीत पिवळा म्हणजे तांबडा आणि हिरवा हे दोन बारीक दिवे पूर्ण उजळलेले आणि निळा विझलेला. निळा म्हणजे याच्या नेमके उलट. पन्नास टक्क्यांनी एकावर दुसरा ओढणे म्हणजे दोघांची सरासरी काढणे, आणि सरासरीत तिन्ही दिवे सारखेच अर्धवट उजळतात. तिन्ही सारखे म्हणजे राखाडी. त्यामुळे टॅबलेट चुकलेला नाही.

यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही, कारण मोठमोठ्या माणसांचीही इथे फसगत झालेली आहे. पिवळा आणि निळा प्रकाश मिळूनही हिरवाच व्हायला हवा असे पुष्कळ काळ मानले जात होते. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णपटातले शुद्ध पिवळे आणि निळे किरण एकत्र आणून पाहिले तेव्हा त्याला पांढरा दिसला, आणि १८५२ साली त्याने प्रकाशाचे मिश्रण व रंगद्रव्याचे मिश्रण हे दोन निराळे व्यवहार आहेत असे स्पष्ट मांडले.

जाता जाता एक कबुली. दरवर्षी मी वर्गात न्यूटनची तबकडी फिरवून दाखवत असे आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणे, "सर, पांढरी कुठे झाली? राखाडी झाली." मी तबकडीच्या रंगांना दोष देत असे. वास्तविक मुलगा बरोबर होता. तबकडीचा प्रत्येक रंगीत तुकडा आलेल्या प्रकाशातला बराचसा भाग खातो. ती गरगर फिरली की डोळा उरलेल्या प्रकाशाची सरासरी घेतो, आणि कमी उजेडाचा पांढरा म्हणजे राखाडी. रंग कितीही चांगले वापरले तरी ती तबकडी शेजारच्या कोऱ्या कागदाइतकी पांढरी होणे शक्य नाही. निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधी मी हे वर्गात मान्य केले.

डावखुरा
रविवार, सकाळी ८.१५

म्हणजे शाळेतले तांबडा-पिवळा-निळा हे रंगचक्र सरळसरळ चूक आहे असे म्हणायचे का? मग ते अजून शिकवतात कशासाठी?

ओला कागद
रविवार, सकाळी १०.३०

डावखुरा, चूक म्हणणे फार झाले. मी चित्रकार आहे आणि मुलांच्या शिकवण्या घेतो. चक्र सांगते तसे मिश्रण केले तर ओळखू येईल असा हिरवा, नारिंगी आणि जांभळा मिळतो, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला आरंभी एवढेच हवे असते. ते चक्र अपुरे आहे, आणि ‘निळा’ हे एका रंगाचे नाव आहे असे ते भासवते, ही माझी खरी तक्रार आहे. बाजारात निळा नावाचा रंग मिळत नाही. मिळतात ते प्रशियन, अल्ट्रामरीन, कोबाल्ट, सेरुलियन, थॅलो. प्रत्येकाची भूक वेगळी.

चिंचपानताईंच्या कन्येने केलेला दोन निळ्यांचा प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून पहिल्याच आठवड्यात करून घेतो. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडला. त्याचा झोक हिरव्याकडे आहे, म्हणजे खडूफळा सरांच्या भाषेत हिरव्या वाट्यातला बराच भाग तो परत करतो. त्यात लेमन यलो मिसळला की कोवळ्या भाताच्या रोपासारखा हिरवा मिळतो. अल्ट्रामरीनचा झोक जांभळ्याकडे. हिरवा वाटा तो जवळजवळ सगळा खातो. त्यात केशरी छटेचा गॅम्बोज किंवा क्रोम यलो मिसळला, तर हिरवा वाटा दोन्हीकडून मार खातो आणि शेवाळी रंग येतो. तो शेवाळी वाईट मात्र नाही. कोकणातल्या पावसाळी भिंती रंगवायला मी तोच वापरतो, कारण बाटलीतला तयार हिरवा तिथे प्लास्टिकसारखा दिसतो.

जांभळ्याच्या बाबतीत हाच हिशेब उलटा लागतो. निळ्याकडे झुकणारा तांबडा क्रिमसन आणि अल्ट्रामरीन मिळून जांभूळ पिकल्यासारखा जांभळा येतो, तर नारिंगीकडे झुकणारा तांबडा व्हर्मिलियन आणि प्रशियन मिळून तपकिरी चोथा होतो. परीक्षेच्या दृष्टीने सांगायचे तर मुलीने दोन पिवळे, दोन तांबडे आणि दोन निळे असे सहा रंग जवळ ठेवावेत, आणि कोणता कोणाकडे झुकतो हे एका कागदावर चौकोन काढून, मिश्रणे भरून, ओळखीचे करून घ्यावे.

आणखी एक. एका वेळी दोनांपेक्षा जास्त रंग कालवू नयेत. प्रत्येक नवा रंग काहीतरी खातच असतो, त्यामुळे चौथा रंग पडेपर्यंत पान साफ झालेले असते आणि वाटीत राखेचा रंग उरतो. मुले मळकट झालेले मिश्रण सुधारण्यासाठी त्यात आणखी एक रंग घालतात; तिथे वाटी धुणे हाच उपाय आहे.

माजघर
रविवार, सकाळी ११.०२

एक बाळबोध शंका. माझी आजी पिवळ्या पडलेल्या धोतरांना नीळ घालत असे आणि ती पांढरीशुभ्र होत. तिथे पिवळ्यात निळा मिसळूनही हिरवा का होत नसे?

खडूफळा
रविवार, सकाळी ११.४०

माजघर, शंका बाळबोध मुळीच नाही. गंमत म्हणजे ती नीळ पूड म्हणजे ओला कागद यांनी वर सांगितलेला अल्ट्रामरीनच. पिवळे पडलेले धोतर निळा वाटा किंचित खात असते. नीळ हिरवा आणि तांबडा वाटा किंचित खाते. दोन्हीकडची भूक अगदी थोडी आणि जवळजवळ सारखी, त्यामुळे तिन्ही वाटे समान कमी होतात. काटेकोर मोजमाप केले तर धोतर आधीपेक्षा कमी प्रकाश परतवत असते, म्हणजे ते किंचित राखाडी झालेले असते. पण डोळ्याला पिवळेपणा गेलेला तेवढा कळतो आणि तो त्याला पांढरे म्हणतो. नीळ जास्त पडली की काय होते हे आपल्या आजीला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

शाईचे बोट
रविवार, दुपारी ३.२०

ऑफसेट छपाईत माझी २६ वर्षे गेली, त्यामुळे मध्ये बोलल्यावाचून राहवत नाही. खडूफळा सरांनी सांगितलेला खाण्याचा हिशेब छापखान्यात नेमका वापरला जातो, फक्त तिथे मूळ रंग तांबडा-पिवळा-निळा नसून सायन (हिरवट निळा), मॅजेन्टा (जांभळट गुलाबी) आणि यलो असतात. सायन फक्त तांबडा वाटा खाण्यासाठी, मॅजेन्टा फक्त हिरवा खाण्यासाठी आणि यलो फक्त निळा खाण्यासाठी. एका वाट्याला एक शाई. यामुळे सायन आणि यलो एकमेकांवर छापले की हिरवा स्वच्छ येतो, कारण त्या दोघांपैकी हिरव्याला हात लावणारे कोणीच नसते. शाळेतला ‘निळा’ हा सायनचा आणि ‘तांबडा’ हा मॅजेन्टाचा गावठी चुलतभाऊ आहे असे मी समजतो.

अर्थात हे कागदावरचे गणित. प्रत्यक्ष मॅजेन्टा शाई हिरव्याबरोबर निळ्यातही तोंड घालते आणि सायनही तितकी सोवळी नसते. म्हणून तिन्ही शाया समान प्रमाणात छापल्या तर राखाडीऐवजी तपकिरी येतो. स्वच्छ मध्यम राखाडी हवा असेल तर सायन ५० टक्के, मॅजेन्टा ४० आणि यलो ४० असे प्रमाण धरावे लागते. तिन्ही पूर्ण छापूनही गडद काळा मिळत नाही; शिवाय तीन थरांची शाई वाळायला वेळ लागतो, आणि बारीक अक्षर तीन प्लेटांवरून छापले तर प्लेटांची जुळणी (रजिस्टर) केसभर जरी सरकली तरी अक्षराला रंगीत कडा दिसू लागतात. म्हणून चौथी प्लेट काळ्या शाईची.

आता भिंग घेऊन कोणत्याही वर्तमानपत्रातले रंगीत छायाचित्र पाहावे. फिका गुलाबी म्हणून शाईची वेगळी बाटली नसते. मॅजेन्टाचे ठिपके बारीक करायचे आणि मधला कागद मोकळा ठेवायचा. चारही रंगांच्या ठिपक्यांच्या ओळी वेगवेगळ्या कोनांत असतात, साधारणपणे यलो शून्य अंशावर, सायन १५, काळा ४५ आणि मॅजेन्टा ७५. कोन चुकला की चित्रावर चौकड्यांची जाळी उमटते. नीट पाहिले तर काही ठिपके एकमेकांवर चढलेले दिसतील आणि काही शेजारी-शेजारी. चढलेल्या ठिकाणी खाण्याचा नियम चालतो, शेजारच्या ठिकाणी सरासरीचा. म्हणजे छापील चित्रात चिंचपानताईंचे दोन्ही नियम एकाच वेळी, एका चौरस मिलिमीटरात, सुखाने नांदत असतात.

पूर्वीची पद्धत निराळी होती. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छपाई करणारा छापखाना, काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवादिकांच्या चित्रांत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. कोणता रंग कोणावर किती चढवायचा हे कारागीर नजरेने ठरवत. चार शायांत सगळे जग बसवण्याचा आमचा धंदा त्या मानाने कारकुनी आहे.

आता थोडे दुखणे सांगतो. लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक मोबाइलवर झगझगीत पोपटी किंवा विजेसारखा निळा दाखवते आणि अस्साच छापा म्हणते. पडदा प्रकाश देतो आणि कागद तो खातो. कागदाने आलेल्यापेक्षा जास्त परत द्यावा ही अपेक्षा कशी पुरी होणार? फार आग्रह झाला तर ती शाई वेगळी घोटून पाचवी प्लेट लावावी लागते, आणि दर ऐकल्यावर गिऱ्हाईकाला चार शायांतला पोपटीही आवडू लागतो.

आडवा बाणा
रविवार, सायंकाळी ७.१०

येवल्याच्या विणकर घरातला आहे, म्हणून सरासरीच्या नियमाबद्दल लिहितो. धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. ताण्यात निळा आणि बाण्यात पिवळा घेतला तर बाहेरच्या माणसाला वाटते की कापड हिरवे होणार. तसे होत नाही. प्रत्येक धागा आपापला प्रकाश वेगळा परत पाठवतो, कोणी कोणाच्या पानातले खात नाही, आणि दुरून पाहिले की मंद, राखेची झाक असलेला रंग दिसतो. अगदी टॅबलेटवर आला तसाच. त्यामुळे स्वच्छ हिरवा पाहिजे असेल तर रेशीम आधीच हिरवे रंगवून घ्यावे लागते. रंगाच्या भांड्यात खाण्याचा नियम चालतो, मागावर नाही.

तांबडा आणि निळा मात्र मागावर छान जमतात, कारण सरासरीत दोन्ही वाटे शाबूत राहतात आणि कापडाला जांभळी झाक येते. शिवाय रेशमाला चकाकी असल्यामुळे पदर एका बाजूने धरला की ताणा वर येतो आणि कलता केला की बाणा. गिऱ्हाईक जिला रंग बदलणे म्हणते ती खरे तर धाग्यांची आळीपाळी आहे.

माजघर
रविवार, सायंकाळी ७.३५

रांगोळीतही हेच दिसते. पिवळी आणि निळी रांगोळी परातीत कोरडी मिसळली की हिरवा येतो, पण मरगळलेला, कारण कण शेजारी-शेजारी पडलेले असतात. आम्ही तो हिरवा कधीच वापरत नसू. पुडीचाच हिरवा आणत असू, आणि मिसळायचे ते फक्त पांढऱ्या शिरगोळ्यात, रंग फिका करण्यापुरते.

उंबरठ्यापलीकडे
सोमवार, पहाटे २.२०

मी डब्लिनमध्ये चित्रे संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून अवेळी लिहीत आहे. खडूफळा सरांच्या उत्तरात एक बारीक भर घालतो. पडद्यावर प्रत्येक रंगाला ० ते २५५ असे आकडे असतात, म्हणून तीन रंगांच्या मिळून १,६७,७७,२१६ जोड्या होतात. पिवळा म्हणजे २५५, २५५, ० आणि निळा म्हणजे ०, ०, २५५. सरासरी १२८, १२८, १२८ येते आणि तोच तो राखाडी. पण १२८ म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे. अंधाऱ्या छटांमधला फरक डोळ्याला जास्त कळतो, म्हणून आकडे मुद्दाम वाकवून बसवलेले असतात, आणि १२८ या आकड्याला पडदा पूर्ण प्रकाशाच्या साधारण २२ टक्केच प्रकाश देतो. अर्धा प्रकाश हवा तर आकडा १८८ लागतो. बहुतेक साधी चित्रकलेची ॲप आकड्यांची सरासरी घेतात, प्रकाशाची नाही. त्यामुळे तुम्हाला दिसलेला राखाडी हेल्महोल्ट्झला दिसला असता त्यापेक्षा कितीतरी काळोखा आहे. तांबड्या आणि हिरव्याची सीमा पुसट केली की मध्ये जी मळकट रेघ उमटते तिचेही कारण हेच.

खऱ्या रंगांसारखे मिश्रण संगणकावर करता येते. रंगद्रव्य प्रकाश किती शोषते आणि किती विखुरते या दोन राशींवरून मिश्रणाचा रंग काढण्याची रीत कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ साली मांडली आणि भिंतीच्या रंगांचे कारखाने तिचा वापर करतात. घरच्या घरी तिची झलक हवी असेल तर ॲपमध्ये थराचा प्रकार ‘मल्टिप्लाय’ असा निवडावा. त्यात आकड्यांची सरासरी होत नाही, गुणाकार होतो, म्हणजे एकाने खाऊन उरलेले दुसऱ्याच्या पानात जाते. चिंचपानताई, पिवळ्यावर आधी निळा आणि मग सायन, असे दोन्ही करून पाहा. काय येईल ते मी सांगत नाही.

खडूफळा
सोमवार, सकाळी ९.००

दुरुस्ती मान्य. मुलीसाठी आणखी एक प्रयोग सुचवतो. रात्री दिवे मालवून मोबाइलवर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या रंगाची एकच बारीक रेघ काढावी आणि तिचे प्रतिबिंब जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरपे पाहावे. सीडी प्रकाश फाकवते, त्यामुळे त्या रेघेच्या तांबडी आणि हिरवी अशा दोन रेघा दिसतात. पडद्याच्या पिवळ्यात पिवळा प्रकाश जवळपास नसतोच. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा पिवळा मात्र ५८९ नॅनोमीटरचा अस्सल पिवळा असतो आणि तो सीडीवर फुटत नाही. डोळ्याला हे दोन्ही सारखेच दिसतात, कारण आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या आहेत आणि तिघींना मिळणारा एकूण धक्का सारखा असला की मेंदू दोन्हींना एकच नाव देतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ साली लंडनमध्ये तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन छायाचित्रे एकावर एक टाकून कापडी फितीचे रंगीत चित्र दाखवले, ते याच जोरावर.

अर्धा रंग
सोमवार, सकाळी १०.१२

माझे सदस्यनाम उगाच नाही. मला तांबडा-हिरवा भेद कमी कळतो. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत यंत्रात डोळा लावायला सांगून अस्सल पिवळ्याशेजारी तांबड्या-हिरव्या प्रकाशाचे मिश्रण ठेवले होते आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत चकती फिरवायची होती. मी समाधानाने थांबलो तेव्हा डॉक्टरांना माझे मिश्रण चक्क हिरवे दिसत होते. दोघांचेही डोळे आपापल्या जागी प्रामाणिक होते. त्यामुळे ‘तांबडा आणि हिरवा मिळून पिवळा होतो’ या वाक्यात ‘कोणाच्या डोळ्यात’ हे जोडावे, एवढी माझी दुरुस्ती आहे.

चिंचपान
मंगळवार, रात्री ८.५०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आणि आज आमच्या घरी स्वयंपाक उशिरा झाला, त्याचे कारण हा धागा आहे.

पहिल्यांदा आम्ही मोबाइलच्या पडद्यावर सुईच्या टोकाने पाण्याचा थेंब ठेवला. थेंब भिंगाचे काम करतो हे तिला माहीत होते. पांढऱ्या जागेवरच्या थेंबात तांबडे, हिरवे आणि निळे कण मोजता येतील इतके सुटे दिसले. थेंब पिवळ्या चौकोनावर सरकवला आणि निळे कण विझले. पिवळा कण एकही नव्हता. ती बराच वेळ तो शोधत होती. मग वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीतली पालेभाजी आजोबांच्या भिंगाखाली धरली. तिथे सायन आणि यलोचे ठिपके चढलेल्या ठिकाणी हिरवे दिसले आणि सुटे असलेल्या ठिकाणी निळे-पिवळे. सीडी घरात सापडली नाही, शेजारी मागितली आहे.

शेवटी टॅबलेटवर ‘मल्टिप्लाय’ लावून तिने पिवळ्यावर निळा ओढला. वर्तुळ काळे ठिक्कर पडले. ‘शंभर नंबरी निळा असता तर काळा झाला असता’ हे सरांचे वाक्य मी तिला आधी वाचून दाखवलेच नव्हते, ते तेव्हा दाखवले. मग सायन ओढला आणि स्वच्छ हिरवा आला.

सहा रंगांचे चौकोन काढून भिंतीला लावले आहेत. प्रशियन ब्लूच्या झाकणावर तिने हिरवी टिकली चिकटवली आहे, अल्ट्रामरीनच्या झाकणावर जांभळी. टिकल्या माझ्या होत्या.